नऊच्या पाढ्यातलं नाव

फ्लॉरेन्समधल्या एका लहान मुलीचं वय कवी दांतेने आकाशाच्या घड्याळावर मोजलं आहे. त्या काळच्या खगोलशास्त्रात ताऱ्यांचा गोल शंभर वर्षांत एक अंश सरकतो असं मानत. म्हणजे त्याचा पूर्ण फेरा ३६,००० वर्षांचा. ती आपल्याला पहिल्यांदा दिसली तेव्हा तिच्या जन्मापासून हा गोल अंशाचा बारावा भाग सरकला होता, असं तो आपल्या ‘ला विता नुओवा’ या पुस्तकात लिहितो. शंभर वर्षांचा बारावा भाग म्हणजे आठ वर्षं चार महिने. तिला नववं लागलं होतं, त्याचं नववं सरत आलं होतं. साल १२७४. तिचं नाव बेआत्रीचे.

या नावाच्या पोटात दोन शब्द आहेत. मूळ लॅटिन ‘वियात्रिक्स’, म्हणजे प्रवासिनी. पुढे त्यात ‘बेआतुस’ म्हणजे धन्य हा शब्द मिसळला, ‘व’चा ‘ब’ झाला आणि वाटेवरची बाई ‘धन्य करणारी’ झाली. आपल्याकडच्या ‘धन्या’ची ही दूरची मैत्रीणच. घरात मात्र एवढं लांब नाव कोण घेणार? फ्लॉरेन्समध्ये त्याचं ‘बीचे’ होई.

बहुतेक अभ्यासकांच्या मते ही फोल्को पोर्तिनारी यांची मुलगी. त्यांनी १२८८ मध्ये स्थापन केलेलं सांता मारिया नुओवा रुग्णालय सातशेहून अधिक वर्षांनंतर आजही रुग्णांवर उपचार करतं. त्यांची मुलगी मात्र जेमतेम चोवीस वर्षं जगली.

दांतेने त्या चोवीस वर्षांना नऊच्या पाढ्यात गुंफलं. पहिल्या दर्शनानंतर नऊ वर्षांनी, दिवसाच्या नवव्या तासाला, तिने त्याला पहिल्यांदा अभिवादन केलं. १२९० च्या जूनमध्ये ती गेली, तेव्हा नऊ जुळावा म्हणून त्याने अरबी आणि सीरियन कालगणनाही पुढे आणल्या. त्या शतकात दहा हा परिपूर्ण आकडा नऊ वेळा भरला होता, हेही त्याने नोंदवलं. नऊचं मूळ तीन, आणि तीन म्हणजे ख्रिस्ती त्रैक्य. म्हणून ही मुलगी त्याच्या लेखी साक्षात नऊ होती.

मग त्याचं महाकाव्य ‘डिव्हाइन कॉमेडी’. शंभर सर्ग, १४,२३३ ओळी. नरक ओलांडून, शुद्धिपर्वत चढून गेल्यावर ‘शुद्धिलोक’ या भागाच्या तिसाव्या सर्गात बेआत्रीचे त्याच्यासमोर उभी राहते. त्या सर्गाआधी ६३ सर्ग आहेत, नंतर ३६. दोन्ही आकडे नऊच्या पाढ्यातले. मराठी डोळ्यांना यात आणखी एक गोष्ट दिसते: ६३ लिहिलं की दोन्ही अंक समोरासमोर येतात. त्रेसष्ट सर्ग संपतात आणि ती दोघं तशीच समोरासमोर येतात. त्या सर्गात १४५ ओळी आहेत आणि ती आपलं नाव उच्चारते ७३ व्या ओळीत. वर ७२, खाली ७२. देवळाच्या गाभाऱ्यात मूर्ती बसवावी तसं त्याने ते नाव बरोब्बर मध्यावर बसवलं आहे.

आणि आज हे नाव? आजच्या इटलीत पाळणेच कमी हलतात. १९६४ मध्ये तिथे दहा लाखांहून अधिक बाळं जन्मली. २०२३ मध्ये ३ लाख ८० हजारांहूनही कमी. तरीही गेल्या काही वर्षांत मुलींच्या पहिल्या दहा नावांत सोफिया, अवरोरा, जुलिया यांच्याबरोबर बेआत्रीचे टिकून आहे.

पण सर्वांत मोठा आकडा आकाशातच आहे. १८६५ मध्ये, दांतेच्या जन्माला सहाशे वर्षं होत असताना, नेपल्सच्या आन्निबाले दे गास्पारिस यांना मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या पट्ट्यात एक लघुग्रह सापडला. त्याचा क्रमांक ८३, नाव बेआत्रिक्स. दांतेचं खगोलशास्त्र ज्याच्या ग्रंथावर उभं होतं, त्या नवव्या शतकातल्या अल-फरगानीने ताऱ्यांचा गोल पृथ्वीच्या २०,११० त्रिज्यांइतका दूर असल्याचं मांडलं होतं. आजच्या मापाने ते सुमारे १२ कोटी ८० लाख किलोमीटर होतात. आपला सूर्यच १५ कोटी किलोमीटरवर आहे. दांतेचे सारे ग्रह, सारे तारे त्या मापात सूर्याच्याही अलीकडे मावत होते. बेआत्रिक्स मात्र पृथ्वीच्या अगदी जवळ आला, तरी सुमारे १८ कोटी किलोमीटर दूर असतो.

ज्या माणसाने तिला स्वर्गात नेलं, त्याच्या ताऱ्यांपलीकडे आज तिचं नाव फिरतं आहे. एका फेऱ्याला चार वर्षांहून थोडा कमी वेळ लागतो. शोध लागल्यापासून अशा चाळीसहून अधिक फेऱ्या झाल्या. ‘धन्य’ हा अर्थ दांतेच्या काव्याने खरा करून दाखवला. त्याच्याही आधीचा, प्रवासिनीचा अर्थ तिच्या नावाचा तो दगड अजून चालून दाखवतो आहे.