बाळ गेलं, तरी ती बाळंतीणच!

भगिनींनो, भोसरीत कारखान्यांपायी दुरून आलेल्या सुनेला शेजारीण हेच माहेर. ती इस्पितळातून रिकाम्या हातांनी परतली, तर "दुसरं होईल" म्हणू नका. गेलेलं बाळ तिचंच होतं. नाव ठेवलं असेल, तर नावानं बोला. बाळ नसलं तरी दोन-चार दिवसांत पान्हा फुटतोच. छातीवर थंड पट्ट्या ठेवाव्यात. ताप आला तर लगेच डॉक्टर गाठावा. गरम जेवण पोचवा. ती नोकरीत असेल, तर कायद्यानं मिळणारी प्रसूती रजा बाळ दगावलं म्हणून बुडत नाही, हे सांगा. हळदीकुंकवाला तिला टाळू नका. आणि बापाचंही बाळ गेलंय. आपल्या 'ह्यां'ना म्हणावं, शिफ्टवरून आल्यावर त्याच्याजवळ जरा बसा.