चौकट : वचन अर्धे, चमत्कार पूर्ण

बुलढाणा, खामगाव, मलकापूर या भागात ‘ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स’ने जुन्या वऱ्हाडाच्या काळापासून मंडळ्या उभ्या केल्या. संस्थापक ए. बी. सिम्पसन यांच्या चार सूत्रांपैकी एक होते ‘आरोग्यदाता ख्रिस्त’. आजाऱ्यासाठी प्रार्थना करणे ही श्रद्धा. तिला फसवणूक म्हणता येणार नाही. औषध सोडायला लावले किंवा बरे करण्याचे पैसे मागितले, की मामला बदलतो.

हातचलाखीचा पहिला प्रकार वचनातच सापडतो. विश्वासणाऱ्यांना सापाची, विषाची बाधा होत नाही, याला आधार म्हणून मार्क 16 चा शेवट दाखवतात. पण 9 ते 20 या ओव्या चौथ्या शतकातील सिनाय आणि व्हॅटिकन या सर्वांत जुन्या संपूर्ण प्रतींत नाहीत. अमेरिकेत सर्प हाताळण्याची प्रथा पसरवणारा जॉर्ज हेन्सली 1955 मध्ये सर्पदंशानेच मेला. अर्धवट वचनाची युक्ती तर मत्तय 4 मध्ये खुद्द सैतानच वापरतो : स्तोत्र 91 सांगताना मधले शब्द गाळतो!

दुसरा प्रकार यंत्राचा. अमेरिकी प्रचारक पीटर पोपॉफ अनोळखी भक्तांची नावे, दुखणी ‘देवाकडून’ ऐकत असे. 1986 मध्ये जादूगार जेम्स रँडी यांनी उघड केले, की कानातल्या यंत्रातून पत्नीच ती सांगत होती.

महाराष्ट्राचा 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा धर्म पाहत नाही. चमत्काराच्या नावावर पैसा उकळणे किंवा साप, विंचू, कुत्रा चावल्यावर उपचार रोखणे हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे कैद, शिवाय 5,000 ते 50,000 रुपये दंड.