सिएरा लिओनची नभोवाणी-शाळा

पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील ज्या सिएरा लिओनमध्ये १८२७ सालीच फूरा बे कॉलेज स्थापन होऊन दूरदूरच्या प्रांतांतील विद्यार्थी तेथे येऊ लागले होते, त्याच देशात १९९१ पासून २००२ पर्यंत चाललेल्या यादवीने असंख्य शाळा बेचिराख केल्या आणि हजारो बालकांच्या हाती पाटीऐवजी बंदुका दिल्या. युद्ध ओसरू लागताच, वाया गेलेल्या वयाची भरपाई व्हावी म्हणून, प्राथमिक शाळेचा सहा वर्षांचा अभ्यासक्रम तीन वर्षांत पुरा करून घेण्याची तजवीज तेथे झाली.

ही घडी बसते न बसते तोच मे २०१४ मध्ये इबोलाची साथ उद्भवली. जुलैअखेर राष्ट्राध्यक्ष कोरोमा यांनी आणीबाणी पुकारली, आणि सुटीनंतर सप्टेंबरात भरावयाच्या शाळा भरल्याच नाहीत. रुग्णाच्या शरीरातील द्रवांच्या संसर्गाने पसरणाऱ्या या रोगापुढे वर्ग बंद ठेवण्यावाचून गत्यंतर नव्हते, हे मान्य केलेच पाहिजे. ऑक्टोबरपासून शिक्षकांनी वाचलेले भाषेचे व गणिताचे पाठ नभोवाणीवरून प्रक्षेपित होऊ लागले. आपल्याकडे २०२० साली सह्याद्री वाहिनीवरील ‘टिलीमिली’ या पाठमालिकेने जे साधू पाहिले, त्याच जातीचा हा प्रयत्न होय. परंतु ज्या घरी रेडिओ नाही, किंवा आहे पण त्यात घालावयास बॅटरी नाही, अशी घरे थोडी नव्हती. आणि ऐकणाऱ्या मुलाला शंका आली तर ती विचारावी कोणाला?

पाठ आकाशमार्गे घरी पोहोचतो, शाळा मात्र पोहोचत नाही. आणि शाळा म्हणजे केवळ पाठ नव्हे, तर दिवसाचे काही तास मुलीला घरकामापासून, मजुरीपासून व पुरुषी बळजोरीपासून दूर ठेवणारे संरक्षित स्थानही होय, याची प्रचीती तेथे फार कठोरपणे आली. शाळा बंद असलेल्या काळात किशोरवयीन मुलींच्या गरोदरपणाचे प्रमाण वाढले, आणि १४ एप्रिल २०१५ रोजी दारांशी हात धुण्याची व ताप मोजण्याची व्यवस्था करून शाळा उघडल्या, तेव्हा गरोदर मुलींना नेहमीच्या वर्गांत बसण्याची सरकारने मनाई केली. त्यांच्यासाठी वेगळे वर्ग काढण्यात आले खरे, पण तेथील शिक्षण अपुरे होते. ज्यांना साथीने सर्वाधिक नाडले, त्यांनाच शाळेच्या उंबरठ्यावर अडविणारा हा हुकूम मला अत्यंत अन्यायाचा वाटतो.

डिसेंबर २०१९ मध्ये पश्चिम आफ्रिकी राष्ट्रसमुदायाच्या न्यायालयाने ही मनाई भेदभावाची ठरविली, आणि मार्च २०२० च्या अखेरीस सरकारने ती उठविली. नेमक्या त्याच सुमारास कोविडमुळे शाळा पुनश्च बंद झाल्या. या खेपेस पूर्वानुभव गाठीशी असल्यामुळे नभोवाणीचे पाठ अल्पावधीतच सुरू झाले, आणि पुढे शाळा उघडल्या तेव्हा गरोदर मुलींना आपल्या वर्गात परतण्यास कायद्याची आडकाठी उरली नव्हती.