माळवद गेले, गारवा कोठे गेला?

एप्रिल उजाडला, की आमच्या मराठवाड्यात दुपारच्या वेळी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. पारा चाळीस अंशांच्या वर जातो. अशा वेळी जुनी माणसे हमखास म्हणतात, "माळवदात असं होत नव्हतं!" त्यांचे म्हणणे खरे आहे, पण अर्धेच.

माळवदाच्या भिंती दगडमातीच्या, दोन-अडीच फूट रुंद. वर लाकडी तुळया आणि त्यांवर दीड-दोन फूट मातीचा थर. एवढ्या थरातून उष्णता आत येईतो दिवस मावळतो आणि रात्री माती पुन्हा निवते. पत्रा मात्र पातळ. ऊन पडताच तापतो व धग थेट डोक्यावर ओततो. सिमेंटचा स्लॅब दिवसभर तापतो आणि नेमका झोपेच्या वेळी ती उष्णता खाली सोडतो.

मग लोकांनी माळवदे का सोडली? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. जी माती ऊन अडवीत होती, तिच्याच ओझ्याखाली लातूर व धाराशिव जिल्ह्यांत हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. आमच्या घरावर पत्रे आले ते त्यानंतरच. आजी म्हणते, "तापू दे मेला, जीव तरी घेणार नाही."

तेव्हा माळवदासाठी हळहळण्यापेक्षा त्याचे तत्त्व घ्यावे : ऊन बाहेर अडवावे, वारा रात्री आत घ्यावा. स्लॅबवर चुन्याचे दोन हात दिले, की बरेचसे ऊन परत फिरते. अहमदाबादेत २०१७ साली गरीब वस्त्यांतील छपरे याच विचाराने पांढरी करण्यात आली. पत्र्याखाली वीतभर अंतर सोडून तुराट्यांच्या ताट्या बांधाव्यात. चुलीपासून मात्र दूर. मधली पोकळी दोन्ही टोकांना उघडी ठेवली, की तापलेली हवा निघून जाते. सकाळीच खिडक्या लावाव्यात, दिवस मावळल्यावर उघडाव्यात. खिडकीला ओले पोते टांगावे. १ ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता शोषली जाते. आपली हवा कोरडी म्हणून हे साधते; कोकणच्या दमट हवेत साधणार नाही. टँकरच्या गावात पोत्याला हातपाय धुतलेले पाणीही चालते.

यातल्या एकाही उपायाला वीज लागत नाही. गेल्या उन्हाळ्यात आम्ही घरी ताट्या बांधल्या. दुपारभर बाहेर लिंबाखाली बसणारी आजी आता आत येऊन निजते.