एका इंजिनाची अनेक घरं

मारुतीची स्विफ्ट, टाटांची इंडिका व्हिस्टा, फियाटची पुंटो आणि शेव्हर्लेची सेल. चार कंपन्यांच्या या चार गाड्या. त्यांच्या डिझेल आवृत्तीचं बॉनेट उघडलं, तर इंजिनाच्या झाकणावर चार वेगळी नावं दिसतात: डीडीआयएस, क्वाड्राजेट, मल्टिजेट, स्मार्टेक. झाकणाखाली मात्र मूळ रचना एकच आहे. फियाट आणि जनरल मोटर्स यांच्या भागीदारीतून २००३ साली आलेलं, १२४८ घनसेंटिमीटर क्षमतेचं चार सिलिंडरचं टर्बो-डिझेल इंजिन. वाहनविषयक नियतकालिकांनी त्याला गमतीनं ‘भारताचं राष्ट्रीय इंजिन’ म्हटलं, आणि ते नाव चिकटलं.

यातून गाडीवाल्यांमध्ये एक समज रूढ झाला: इंजिन एकच, म्हणजे पार्टही एकच, याचा त्याला बसतो. हा समज काही अंशी खरा आहे, आणि जिथे खरा नाही तिथे महागात पडतो. यंत्रात ‘तेच’ या शब्दाचा अर्थ काय, हे समजून घ्यायला हे इंजिन चांगलं उदाहरण आहे.

आपल्याकडे डिझेल इंजिन पहिल्यांदा ओळखीचं झालं ते विहिरीवर. शेतावरच्या एका सिलिंडरच्या पंपाचं इंजिन बिघडलं की तालुक्याच्या गावी जायचं, बोअर मोजून पिस्टन-लायनर आणायचे, नोझल तपासून घ्यायचं आणि पाने-हातोडीनिशी इंजिन पुन्हा बांधायचं. तिथे पार्ट जुळणं म्हणजे मापं जुळणं. मिलिमीटर जमला की काम झालं. १९९८ च्या अखेरीस आलेल्या टाटा इंडिकाचं १४०५ घनसेंटिमीटरचं डिझेल इंजिनही बरंचसं याच जगातलं होतं: टर्बो नाही, संगणक नाही, ताकद पन्नास-पंचावन्न अश्वशक्तीच्या घरात.

मल्टिजेट या जगापासून किती दूर आहे, ते त्याच्या आकड्यांतून कळतं. सिलिंडरचा व्यास ६९.६ मिलिमीटर, पिस्टनचा प्रवास ८२ मिलिमीटर. म्हणजे एका सिलिंडरची क्षमता ३१२ घनसेंटिमीटर, साधारण दीड पेलाभर. संक्षेपण गुणोत्तर भारतातल्या ७५ अश्वशक्तीच्या आवृत्तीत १७.६ : १. याचा अर्थ पिस्टन वर गेला की ही सगळी हवा जेमतेम चार छोट्या चमच्यांच्या जागेत कोंबली जाते. दाबामुळे ती पाचशे ते सातशे अंश सेल्सिअसपर्यंत तापते, आणि तिच्यात सोडलेलं डिझेल ठिणगीशिवाय पेट घेतं. इथवरचं तत्त्व रुडॉल्फ डिझेलचं, १८९० च्या दशकातलं. पुढची गोष्ट नवी आहे.

जुन्या इंजिनात डिझेलचा दाब इंजिनाच्या वेगावर अवलंबून असे. इंजिन हळू फिरतंय तर दाब कमी, थेंब जाड, आणि धूर काळा. फियाटच्या संशोधन केंद्रात आणि मॅग्नेटी मरेली या तिच्या कंपनीत यावर काम झालं. सर्व इंजेक्टरांसाठी एकच सामायिक नळी ठेवायची, तिच्यात डिझेल सतत प्रचंड दाबाखाली भरून ठेवायचं, आणि कुठला इंजेक्टर कधी किती वेळ उघडायचा हे विजेच्या संदेशानं ठरवायचं. हीच ‘कॉमन रेल’. तिचं औद्योगिक उत्पादन करण्याचं काम १९९४ मध्ये बॉशकडे गेलं, आणि १९९७ मध्ये अल्फा रोमिओ १५६ ही मोटार ते तंत्र घेऊन बाजारात आली. मल्टिजेट ही त्याची दुसरी पिढी. नळीतला दाब १४०० बारपर्यंत, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या जवळजवळ चौदाशे पट. नंतरच्या आवृत्त्यांत १६००. डिझेल एकाच दमात न सोडता एका आवर्तनात पाच तुकड्यांपर्यंत सोडता येऊ लागलं. आधी अगदी थोडं सोडून ज्वलन हळूच सुरू करायचं, मग मुख्य मात्रा द्यायची, शेवटी उरलीसुरली काजळी जाळायला आणखी थोडं. डिझेल गाडीचा जो खडखडाट आपण ओळखतो, तो ज्वलनाचा पहिला धक्का एकदम बसल्यानं होतो. तो धक्का असा वाटून दिला की आवाज मऊ होतो.

पहिल्या तुकड्यात सोडायची मात्रा घन मिलिमीटरमध्ये मोजावी लागते. इतकं अचूक माप पाळायचं तर इंजेक्टरच्या आतल्या सुईभोवतीची फट काही मायक्रॉनचीच ठेवावी लागते. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, हे लक्षात घेतलं की भेसळीचं किंवा पाणी मिसळलेलं डिझेल या इंजिनाला का सोसत नाही ते कळतं. शेतावरचं इंजिन ज्या डिझेलवर कुरकुरत का होईना चालतं, ते डिझेल इथे पंप आणि इंजेक्टर दोन्ही खाऊन टाकतं.

या सगळ्याचा लाभ मोठा होता. इंडिकापेक्षा लहान असूनही स्विफ्टच्या इंजिनानं ७५ अश्वशक्ती दिली आणि २००० फेऱ्यांनाच १९० न्यूटन-मीटर टॉर्क. शहरातल्या वाहतुकीत ‘पिकअप’ म्हणतात तो याच टॉर्कमुळे मिळतो. सुमारे १३० किलो वजनाचं आणि अर्ध्या मीटरपेक्षा कमी लांबीचं हे इंजिन लहान गाडीतही मावलं. २००५ मध्ये १ ते १.४ लिटर गटात ‘इंटरनॅशनल इंजिन ऑफ द इयर’ हा पुरस्कार त्याला मिळाला. भारतात ते दोन मुख्य ठिकाणी बनू लागलं: हरियाणातल्या मानेसरला मारुती-सुझुकीसाठी, आणि पुण्याजवळ रांजणगावला फियाट-टाटांच्या संयुक्त कारखान्यात. मागणी इतकी वाढली की २०१२ मध्ये मारुतीनं फियाटशी वर्षाला एक लाखापर्यंत इंजिनं घेण्याचा करार केला. स्पर्धक कंपनीच्या गाडीत रांजणगावचं इंजिन, हे चित्र आपल्या औद्योगिक इतिहासात विरळाच.

मग हे इंजिन टिकाऊ आहे का? फियाटनं अडीच लाख किलोमीटर आयुष्य डोळ्यांसमोर ठेवून ते घडवलं होतं, आणि टॅक्सीत त्याहून जास्त चाललेल्या गाड्याही दिसतात. तरीही लाखाच्या आत इंजिनकाम निघाल्याच्या तक्रारी ऐकू येतातच. दोन्ही खरं असू शकतं, कारण टिकाऊपणा एकट्या लोखंडात नसतो. टायमिंग चेनचंच पाहा. क्रँकशाफ्ट आणि कॅमशाफ्ट यांचा ताल राखण्यासाठी अनेक गाड्यांत रबरी पट्टा असतो. तो ठराविक अंतरानंतर बदलावा लागतो. मल्टिजेटमध्ये त्याऐवजी धातूची साखळी आहे. ‘चेन आहे, म्हणजे बघायला नको’ असा त्याचा अर्थ लावला गेला. पण ती साखळी ताणून धरणारा टेन्शनर इंजिन ऑइलच्या दाबावर काम करतो. ऑइल कमी झालं, काळं-चिकट झालं, की साखळी झिजते, सैल पडते. सकाळी गाडी सुरू करताना काही क्षण खडखड ऐकू येते, ही तिची पहिली सूचना. ती दुर्लक्षिली तर साखळी दात सोडते, झडपांचा आणि पिस्टनचा ताल चुकतो, आणि रॉकर आर्म मोडण्यापासून झडपा वाकण्यापर्यंत काहीही होऊ शकतं. दोन-तीन हजारांची ऑइल बदली लांबवल्याचा हिशेब असा कित्येक पटींनी चुकवावा लागतो.

टर्बोचंही तसंच. त्याचा दांडा मिनिटाला दीड-दोन लाख फेऱ्या घेतो, तोही ऑइलच्या पातळ थरावर तरंगत. घाट चढून आल्याबरोबर इंजिन बंद केलं तर ऑइलचा प्रवाह थांबतो आणि तापलेल्या दांड्याभोवती उरलेलं ऑइल करपतं. म्हणून अर्धा-एक मिनिट इंजिन नुसतं चालू ठेवायचं. टॅक्सीचं इंजिन जास्त चालतं याचं कारणही इथेच सापडतं. ते रोज लांब, गरम आणि सलग चालतं. दोन किलोमीटरवरच्या ऑफिसला नेणाऱ्या घरच्या गाडीचं इंजिन पुरतं तापतच नाही. काजळी ईजीआर व्हॉल्व्हमध्ये साचत जाते.

आता पार्ट जुळण्याकडे वळू. इथे तीन थर वेगळे करून पाहावे लागतात.

पहिला थर धातूचा. ब्लॉक, हेड, क्रँक, टायमिंग चेन यांसारख्या इंजिनाच्या गाभ्यातल्या भागांत साम्य सर्वाधिक. पण बोअर तोच म्हणून पिस्टनही तोच, असं नाही. पिस्टनच्या माथ्यावरच्या खळग्याचा आकार आवृत्तीगणिक बदलू शकतो. शेव्हर्ले बीटचं ९३६ घनसेंटिमीटरचं डिझेल इंजिन म्हणजे याच मापाचे तीन सिलिंडर, पण म्हणून त्याचा क्रँक इथे बसणार नाही. गाभ्यापासून बाहेर येऊ लागलं की फरक वाढतात. माउंटिंग, पाइप, क्लच, गिअरबॉक्स हे सगळं त्या त्या गाडीच्या सोयीनं बनलेलं. ७५ अश्वशक्तीच्या आवृत्तीत साधा टर्बो. नव्वदच्या आवृत्तीत पाती फिरवून कोन बदलणारा. दुसरा पहिल्याच्या जागी बसवून ताकद वाढत नाही, कारण ती पाती हलवायची कशी हे त्या गाडीच्या संगणकाला ठाऊकच नसतं.

दुसरा थर या संगणकाचा, म्हणजे ईसीयूचा. कारखान्यातून निघालेले दोन इंजेक्टर कधीच तंतोतंत सारखे नसतात. म्हणून आधुनिक इंजेक्टरवर त्याच्या मोजमापाचा सांकेतिक क्रमांक कोरतात, आणि तो ईसीयूत भरल्यावर संगणक प्रत्येकाची सवय सांभाळून डिझेल सोडतो. इंजेक्टर बसला, पण क्रमांक भरला नाही, तर गाडी चालते. मात्र धूर, थरथर आणि घटलेलं ॲव्हरेज सोबत येतं. पंपावरच्या इंजिनात नसलेली ही नवी अट आहे: पार्ट नुसता बसून चालत नाही, त्याची ओळखही पटवावी लागते.

तिसरा थर कागदाचा. इंजिन क्रमांक आरसी बुकात नोंदलेला असतो. भंगारातल्या गाडीचं अख्खं इंजिन आणून बसवलं, ते सुरळीत चाललं, तरी आरटीओत नोंद होईपर्यंत ती गाडी कागदोपत्री दुसरीच असते. विमा, विक्री, तपासणी, सगळं तिथे अडतं.

हा प्रश्न आता अधिक निकडीचा झाला आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानकं लागू झाली. लहान डिझेल गाडीला काजळी गाळणारा फिल्टर आणि इतर यंत्रणा बसवण्याचा खर्च परवडेनासा झाला, आणि मारुतीनं डिझेल गाड्या बंद केल्या. जनरल मोटर्सनं २०१७ च्या अखेरीसच भारतातली विक्री थांबवली होती. फियाटच्या पुंटो-लिनियाही थांबल्या. ज्यांच्याकडे या गाड्या आहेत त्यांना स्वतःच्या कंपनीचं शोरूम उरलेलं नाही. त्यांची गाडी रस्त्यावर राहते ती शेजाऱ्याकडे त्याच रचनेच्या इंजिनाची मारुती आहे म्हणून. ऑइल फिल्टर, चेनचा संच, गॅस्केट बाजारात मिळत राहतात, कारण ते मागणारी गाड्यांची संख्या अजून मोठी आहे. एखादी गाडी किती वर्षं जगणार हे तिच्या लोखंडाइतकंच तिच्या भावंडांच्या संख्येवर ठरतं.

पण कोणता पार्ट कुणाचा कुणाला चालतो, हे कंपन्यांच्या छापील यादीत सहसा सापडत नाही. प्रत्येक यादी आपल्याच गाडीपुरतं बोलते. चार याद्या शेजारी ठेवून, जुना पार्ट हातात घेऊन, मापं आणि क्रमांक ताडून पाहणारा माणूस गॅरेजमध्ये किंवा पार्टच्या दुकानात बसलेला असतो. ‘बसेल’ आणि ‘चालेल’ यांतला फरक त्याला माहीत असतो. जुनी डिझेल गाडी घेणाऱ्यानं म्हणूनच किलोमीटरच्या आकड्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात: ऑइल बदलल्याची बिलं, थंड इंजिन सुरू होतानाचा आवाज, आणि आरसीवरचा व इंजिनावरचा क्रमांक एकच आहे का ते. आणि चौथी गोष्ट म्हणजे, या इंजिनाची चारही घरं ओळखणारा मेकॅनिक आपल्या गावात आहे ना, याची चौकशी. इंजिन आता नवं बनत नाही. जी आहेत त्यांचं उरलेलं आयुष्य अशा माणसांच्या हाती आहे.