खबर आणि खात्री

शोधपत्रकाराचे नाव होते ते त्याने काय उघडकीस आणले यावरून. त्याचे मोजमाप मात्र त्याने ते कशाच्या बळावर उघडकीस आणले यावरून व्हायला हवे. अमेरिकेतील सेमूर हर्श यांच्या कारकिर्दीत हा भेद ठळकपणे दिसतो. व्हिएतनाममधील माय लायचे हत्याकांड, सीआयए या गुप्तचर संस्थेने देशाच्याच नागरिकांवर ठेवलेली पाळत आणि इराकमधील अबू गरीब तुरुंगातला छळ, या अमेरिकी सत्तेला घाम फोडणाऱ्या तीन बातम्यांशी त्यांचे नाव कायमचे जोडलेले आहे. नंतरच्या वर्षांत समव्यावसायिकांनीच ज्यांच्याकडे संशयाने पाहिले, अशा बातम्याही त्यांच्याच. चाहत्यांच्या मते हर्श कधी चुकत नाहीत. टीकाकारांच्या मते ते उतारवयात भरकटले. दोन्ही निवाडे माणसाबद्दलचे आहेत आणि म्हणून अपुरे आहेत. त्यांच्या बातम्या एकापुढे एक मांडून पाहिल्या की वेगळेच सूत्र हाती लागते. त्यांचा पुरावा जिथे इतरांना तपासता आला तिथे बातमी इतिहासात जमा झाली. जिथे सगळी भिस्त त्यांच्या शब्दावर राहिली तिथे ती वादातच अडकून पडली.

हर्श यांचा जन्म १९३७ साली शिकागोत, पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबात झाला. वडिलांचे कपडे धुऊन देण्याचे दुकान होते. शिकागो विद्यापीठातून इतिहासाची पदवी घेऊन ते कायद्याकडे वळले, पण तिथे त्यांचे बस्तान बसले नाही. शहरातल्या एका वृत्तसंस्थेत गुन्ह्यांच्या आणि आगीच्या बातम्या देत ते पत्रकारितेत शिरले. पुढे असोसिएटेड प्रेससाठी त्यांनी पेंटॅगॉनचे वार्तांकन केले. १९६९ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांना कुणकुण लागली, तेव्हा ते कोणाचेही नोकर नव्हते. व्हिएतनामी नागरिकांच्या हत्येवरून एका लष्करी अधिकाऱ्यावर खटला भरला जातोय, एवढीच ती खबर. अधिकारी होता लेफ्टनंट विल्यम कॅली. हर्श यांनी त्याचा वकील सॉल्ट लेक सिटीत गाठला आणि त्याच्या टेबलावरचे आरोपपत्र समोरच्या बाजूने, उलटे दिसत असतानाच वाचून टिपून घेतले. मग जॉर्जियातील फोर्ट बेनिंग या लष्करी तळावर जाऊन दिवसभर धुंडाळत त्यांनी खुद्द कॅलीला शोधून काढले आणि त्याला बोलते केले. नामांकित नियतकालिकांनी मजकूर नाकारला, तेव्हा डिस्पॅच न्यूज सर्व्हिस या नवख्या वृत्तसंस्थेमार्फत तो नोव्हेंबरमध्ये तीसहून अधिक वृत्तपत्रांत छापून आला.

या बातमीचे बळ तिच्या घडणीत होते. आरोपपत्र सरकारी होते, आरोपीची ओळख पक्की होती. हर्श पुढे इंडियानातल्या एका खेड्यात पॉल मीडलो या माजी सैनिकाच्या घरी पोहोचले. आपण माणसे मारली, हे मीडलोने स्वतःच्या नावानिशी सांगितले आणि दूरचित्रवाणीवरही कबूल केले. त्याच सुमारास लष्करी छायाचित्रकार रोनाल्ड हेबर्ली याने टिपलेली प्रेतांची छायाचित्रे क्लीव्हलँडच्या वृत्तपत्रात आली. त्याआधी रॉन रायडनहॉर या माजी सैनिकाने घटनेची माहिती जमवून सरकारला आणि लोकप्रतिनिधींना पत्रे पाठवलेली होतीच. म्हणजे हर्श यांच्यावर विश्वास न ठेवणाऱ्यालाही स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षाला पोहोचता येत होते. १६ मार्च १९६८ रोजी मारल्या गेलेल्यांचा आकडा अमेरिकी लष्कराच्या हिशेबात ३४७ आहे, व्हिएतनामच्या हिशेबात ५०४. कॅली १९७१ मध्ये २२ हत्यांसाठी दोषी ठरला. त्याला जन्मठेप झाली, पण बहुतेक शिक्षा त्याने नजरकैदेत काढली आणि काही वर्षांतच तो सुटला. न्याय तोकडा पडला. बातमीतले तथ्य मात्र कोणालाही खोडता आले नाही. १९७० चे पुलित्झर पारितोषिक हर्श यांना या कामासाठी मिळाले.

इथे पहिला आक्षेप येतो. प्रत्येक साक्षीदार मीडलोसारखा नावानिशी बोलणार कसा? गुप्तचर यंत्रणेतला माणूस नाव सांगून बोलला तर नोकरी जाईल, कदाचित तुरुंगही वाट्याला येईल. हे खरेच आहे, आणि हर्श यांच्या पुढच्या दोन मोठ्या बातम्या निनावी माहितगारांशिवाय शक्यच नव्हत्या. २२ डिसेंबर १९७४ रोजी न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर त्यांनी लिहिले की सीआयएने कायदा धाब्यावर बसवून युद्धविरोधी चळवळीतल्या हजारो अमेरिकनांच्या फाइली तयार केल्या आहेत. माहितगार पडद्याआड होते. पण या वृत्तानंतर रॉकफेलर आयोग नेमला गेला, सिनेटर फ्रँक चर्च यांची समिती बसली, कागदपत्रे बाहेर आली आणि बातमीतला गाभा खरा ठरला. २००४ मध्ये अबू गरीबबाबत त्यांच्या हाती मेजर जनरल अँटोनिओ टगुबा यांचा अंतर्गत चौकशी अहवाल लागला. अहवाल कोणी दिला हे वाचकाला कळले नाही. त्यात काय होते ते कळले. ही बातमी छापणाऱ्या न्यूयॉर्कर या नियतकालिकाचे संपादक डेव्हिड रेमनिक यांनी तर जाहीरपणे सांगितले होते की हर्श यांच्या लेखांतल्या प्रत्येक माहितगाराची ओळख आपल्याला असते. निनावी माहितगार हा दरवाजा आहे. आत शिरल्यावर पुरावा शोधायचा असतो. दरवाजालाच घर समजून चालत नाही.

हा फरक भारतीय वाचकाला, त्यातही मराठी वाचकाला, जवळून पाहता येतो. १९८३ मध्ये अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री हेन्री किसिंजर यांच्यावरील 'द प्राइस ऑफ पॉवर' या पुस्तकात हर्श यांनी निनावी माहितगारांच्या आधारे असा आरोप केला की माजी पंतप्रधान मोरारजी देसाई हे सीआयएचे पगारी खबरे होते. मोरारजींनी तो साफ फेटाळला आणि अमेरिकेत ५ कोटी डॉलरचा बदनामीचा दावा लावला. १९८९ मध्ये शिकागोच्या न्यायालयात तो चालला तेव्हा मोरारजी नव्वदी ओलांडून गेले होते. खुद्द किसिंजर यांची साक्ष त्यांच्या बाजूची होती. तरीही ज्यूरीने कौल हर्श यांच्या बाजूने दिला. त्यामुळे आरोप सिद्ध झाला, असा समज सहज होतो आणि तो चुकीचा आहे. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या १९६४ च्या एका निवाड्यानुसार सार्वजनिक पदावरील व्यक्तीला बदनामीचा दावा जिंकायचा तर मजकूर खोटा आहे एवढे दाखवून भागत नाही. तो खोटा असल्याचे ठाऊक असताना किंवा खरेखोटेपणाची फिकीर न करता छापला, हे सिद्ध करावे लागते. मोरारजींना ते जमले नाही, इतकाच त्या निकालाचा अर्थ. मोरारजी मुंबई राज्याचे मुख्यमंत्री असताना संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात झालेल्या गोळीबारामुळे त्यांच्याविषयी मराठी मनात अढी आहे आणि ती अकारण नाही. पण आवडत नसलेल्या माणसावरचा आरोप आपण पुराव्याशिवाय चटकन स्वीकारतो, आणि कसोटी नेमकी तिथेच लागते.

पुरावा तपासण्याचे मोल हर्श यांना स्वतःलाही एकदा कळले होते. जॉन केनेडींवरील पुस्तकाची तयारी करताना त्यांना केनेडी आणि मेरिलिन मन्रो यांच्या कथित व्यवहाराची कागदपत्रे मिळाली. काही काळ त्यांनी ती खरी मानली. एका दूरचित्रवाणी वाहिनीने तज्ज्ञांकडून तपासणी करून घेतली, तेव्हा बनाव उघडा पडला. अमेरिकेत झिप कोड १९६३ मध्ये सुरू झाले, तरी त्याआधीची तारीख असलेल्या कागदांवर ते छापलेले होते. १९९७ साली पुस्तक आले तेव्हा तो भाग त्यात नव्हता. कागद होता म्हणून लबाडी पकडता आली. पुढच्या दोन बातम्यांत मात्र तपासण्याजोगा असा कागद समोर आला नाही. २०१५ मध्ये ओसामा बिन लादेनच्या हत्येबद्दल त्यांनी लिहिले की पाकिस्तानच्या लष्करी वरिष्ठांना सगळे ठाऊक होते आणि अमेरिकेने सांगितलेली कथा रचलेली आहे. त्या लेखाचा मुख्य आधार एक निवृत्त, निनावी अधिकारी होता. २०२३ मध्ये रशियातून जर्मनीला जाणाऱ्या नॉर्ड स्ट्रीम वायुवाहिन्यांवरील स्फोट अमेरिकेने घडवले असा दावा त्यांनी केला, तोही प्रामुख्याने एकाच निनावी माहितगाराच्या आधारे. अमेरिकी सरकारने तो धुडकावला आणि जर्मन तपास युक्रेनी नागरिकांच्या दिशेने गेला.

हर्श यांचे समर्थक म्हणतात, सरकारे नाकारतातच. सीआयएच्या बातमीवरही तेव्हा शंका घेतल्या गेल्याच होत्या. माय लायची बातमी मोठ्या नियतकालिकांनी नाकारली, म्हणून ती खोटी ठरली का? मुद्दा बिनतोड वाटतो, पण तो अर्धाच आहे. सरकारचा नकार किंवा संपादकाचा नकार हा बातमी खोटी असल्याचा पुरावा नाही, हे मान्य. तसाच तो ती खरी असल्याचाही पुरावा नाही. १९६९ ला हर्श बरोबर ठरले ते त्यांना नकार मिळाला म्हणून नव्हे, तर आरोपपत्र, कबुली आणि छायाचित्रे पुढे आली म्हणून. पूर्वपुण्याईवर पत्रकाराला वाचकाचे लक्ष मिळते. प्रत्येक नव्या बातमीसाठी पुरावा नव्यानेच जमवावा लागतो. शिवाय न्यूयॉर्करसारख्या ठिकाणी तथ्ये पडताळणारी स्वतंत्र माणसे असतात. नॉर्ड स्ट्रीमची बातमी हर्श यांनी स्वतःच्या वृत्तपत्रिकेत प्रसिद्ध केली, म्हणजे अशा संस्थेची यंत्रणा मागे नसलेल्या ठिकाणी.

म्हणून हर्श यांना देव्हाऱ्यात बसवू नये आणि मोडीतही काढू नये. माय लाय प्रकरणात त्यांनी जे काम केले, त्याच्या तोडीचे काम जगाच्या पत्रकारितेत थोडेच सापडेल, आणि त्यांच्या इतर बातम्या जोखण्याचे सर्वांत कठोर मापही त्यांनीच आपल्या हाती दिले आहे. आज मोबाइलवर रोज कोणी ना कोणी गौप्यस्फोट करत असताना ते माप वाचकाने वापरायला हवे. सांगणारा कोण आणि आरोप कोणावर, हे प्रश्न नंतरचे. सांगणाऱ्याचे नाव झाकल्यावर बातमीत तपासण्याजोगे काय उरते, हे आधी पाहावे. काही उरत नसेल तर ती खबर आहे, आणि खात्री होईपर्यंत तिला खबरच म्हणावे.