‘चीता’ची राखीव ताकद

मी मालेगावचा म्हटलं, की ऐकणारा नाशिक जिल्हा गृहीत धरतो. आमचं मालेगाव वाशीमचं. पण ‘चीता’ मात्र तिकडचाच. नाशिक रोडच्या प्रशिक्षण केंद्रात लष्कराचे वैमानिक ज्या हेलिकॉप्टरवर शिकत आले, ते दिसायला हडकुळं: पाच जणांची जागा, एकच टर्बाइन इंजिन, उघडी जाळीदार शेपटी. तरी सियाचीनवर १९८४ पासून रसद आणि जखमी जवान त्यानं वाहिले. कसे?

हे यंत्र भारताच्याच गरजेपोटी फ्रान्समध्ये घडलं. १९६९ साली प्रथम उडालं. ‘अल्युएत-२’चा हलका सांगाडा, त्यावर थोरल्या ‘अल्युएत-३’चं इंजिन आणि पंखा. रिकामं वजन जेमतेम एक टन. इंजिन ८७० अश्वशक्तीचं, वापर मात्र ५५० पुरताच. उंचावर हवा विरळ होते, इंजिन दमतं. तेव्हा ही शिल्लक कामी येते. विजेचा दाब पडतो म्हणून विहिरीवर पाचऐवजी साडेसातची मोटर बसवणाऱ्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

२१ जून १९७२ रोजी झाँ बुले यांनी याच जातीचं हेलिकॉप्टर १२,४४२ मीटरवर नेलं. उतरू लागताच इंजिन विझलं. दुसरं नव्हतंच. खालून येणाऱ्या हवेनं पंखा फिरत राहिला, त्याच्याच आधारानं ते सुखरूप जमिनीवर आले. शिकाऊ वैमानिकाकडून हीच उतरण पुन:पुन्हा घोटून घेतली जाते.